मर्सिडीज-बेंझ ४५० एसईएल ६.९ विक्रीला दिसली, तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९७५ ते १९८० मध्ये बनलेली ही मोठी, आलिशान गाडी जर्मनी, इंग्लंड आणि अमेरिकेच्या बाजारात अधूनमधून विक्रीला येते. तिथे राहणारे मराठी गाडीवेडे आणि आता ती भारतात आणता येईल का याची चौकशी करणारे, दोघांचेही प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. अनुक्रम महत्त्वाचा नाही, हवं ते आधी वाचा. फक्त सस्पेन्शन आणि गंज हे दोन विषय टाळू नका.

नाव ४५० आणि इंजिन ६.९ लिटरचं, हे काय गौडबंगाल?

१९७२ मध्ये आलेल्या एस-क्लासच्या डब्ल्यू ११६ या पिढीत ४५० एसईएल हे लांब चाकतळाचं मॉडेल होतं. त्यात साडेचार लिटरचं व्ही-८ इंजिन बसायचं. त्याच बॉडीत कंपनीने आपलं सर्वांत मोठं इंजिन, एम १००, बसवलं आणि मागे डिकीवर ६.९ चा वेगळा बिल्ला लावला. मूळ नाव तसंच राहिलं. एम १०० हे ६.३ लिटर रूपात आधी १९६३ च्या ६०० लिमोझिनमध्ये आणि मग ३०० एसईएल ६.३ मध्ये होतं. इथे ते ६,८३४ सीसीचं झालं. युरोपातल्या गाडीची ताकद २८६ पीएस (मेट्रिक अश्वशक्ती), टॉर्क ५४९ न्यूटन-मीटर, तोही अवघ्या ३,००० आरपीएमला. १,९३५ किलोची ही गाडी ताशी ० ते १०० किमी साधारण ७.४ सेकंदांत जायची आणि ताशी २२५ किमीपर्यंत पोचायची. गिअर तीनच आहेत, ऑटोमॅटिक. इतका टॉर्क असताना चौथा लागतही नाही.

किती बनल्या? दुर्मीळ म्हणावी का?

एकूण ७,३८०. वर्षवार पाहिलं तर १९७५ मध्ये ४७४, १९७६ मध्ये १,४७५, १९७७ मध्ये १,७९८, १९७८ मध्ये १,६६५, १९७९ मध्ये १,८३९ आणि १९८० मध्ये शेवटच्या १२९. यांपैकी १,८१६ अमेरिकेला गेल्या. आकडा अगदी चिमूटभर नाही, पण मधली वीस-पंचवीस वर्षं ही नुसती पेट्रोल पिणारी जुनी गाडी समजली जायची. बऱ्याच गाड्या सुट्या भागांसाठी कापल्या गेल्या, बऱ्याच मीठ टाकलेल्या रस्त्यांवर सडल्या. त्यामुळे 'दुर्मीळ' या शब्दापेक्षा 'सांभाळलेली' हा शब्द जाहिरातीत शोधा. दुर्मीळ तर सडकी गाडीही असते.

साध्या ४५० एसईएलला ६.९ चा बिल्ला लावून विकतात, हे खरं का?

होतं असं. उलटही होतं. नवी घेताना काही गिऱ्हाइकांनी मुद्दाम बिल्ला न लावता गाडी मागवली होती. म्हणजे बिल्ला असणं आणि नसणं, दोन्ही पुरावा नाही.

पुरावा चासी नंबरात आहे. तो ११६.०३६ ने सुरू झाला पाहिजे. त्यापुढचे दोन आकडेही वाचा: १२ म्हणजे डावीकडे स्टिअरिंग आणि ऑटोमॅटिक, २२ म्हणजे उजवीकडे स्टिअरिंग आणि ऑटोमॅटिक. इंजिन नंबर १००.९८५ ने सुरू होतो. तिथे ११७ दिसलं तर ते साडेचार लिटरचं इंजिन आहे, बाकी कितीही गोड बोलणं झालं तरी. बोनेटखालच्या पत्र्यावर कोरलेला नंबर, रेडिएटरवरच्या आडव्या पट्टीवरची प्लेट आणि कागदपत्रं, तिन्ही ठिकाणी तोच नंबर हवा. कारखान्याचं डेटा कार्ड मिळालं तर त्यावर इंजिन नंबर, रंगाचा कोड, आतलं कापड किंवा कातडं आणि मागवलेल्या ऑप्शनचे कोड असतात. ते गाडीशी एकेक करून ताडून पाहा.

गाडीत बसूनही दोन खुणा पटकन दिसतात. डॅशबोर्डवर गाडीची उंची वाढवायचा नॉब हवा, तो साध्या ४५० मध्ये नसतो. आणि डॅश व कन्सोलवरचं लाकूड अक्रोडाच्या गाठीचं, ढगाळ नक्षीचं असतं. साध्या गाड्यांत ते पट्ट्यापट्ट्यांचं झेब्रानो असायचं.

सगळे सस्पेन्शनला एवढे का घाबरतात?

घाबरण्यासारखं आहे म्हणून नाही, समजून न घेता हात घालतात म्हणून.

या गाडीला स्प्रिंगा आणि शॉकॲब्सॉर्बर नाहीत. त्यांच्या जागी प्रत्येक चाकाला तेलाने भरलेला स्ट्रट आणि त्याला जोडलेला गोळा आहे. गोळ्याच्या आत रबरी पडदा असतो. एका बाजूला नायट्रोजन, दुसऱ्या बाजूला तेल. खड्डा आला की तेल पडद्यावर दाबतं आणि नायट्रोजन दबून स्प्रिंगचं काम करतो. तेलाचा दाब तयार करणारा पंप इंजिनाच्या टायमिंग चेनवरून चालतो. चार चाकांचे चार गोळे आणि दाब साठवणारा मधला एक, असे पाच. गाडीत माणसं बसली, डिकीत सामान आलं की लेव्हलिंग व्हॉल्व्ह स्ट्रटमध्ये जादा तेल भरून गाडी पुन्हा सपाट करतात.

बिघडतं ते असं. पडद्यातून नायट्रोजन वर्षानुवर्षं थोडाथोडा निसटतो. गाडी वापरली नाही तरी निसटतो, म्हणून 'फक्त ४०,००० किमी चालली' याचा इथे काही उपयोग नाही. गॅस संपला की तेलाला दबायला जागाच उरत नाही, कारण तेल दबत नाही. मग प्रत्येक खड्ड्याचा धक्का थेट स्ट्रटच्या सीलवर आणि प्रेशर होजवर जातो. सील गळायला लागतं. मालक सील बदलतो, गोळे तसेच ठेवतो आणि सहा महिन्यांत पुन्हा गळती. दुरुस्तीचा खरा क्रम आधी गोळे, मग होज, मग स्ट्रट असा आहे. गोळे पाचही एकदमच बदला.

मग पाहायला गेल्यावर सस्पेन्शन कसं तपासायचं?

विकणाऱ्याला आधीच सांगा की इंजिन थंड ठेवा, रात्रभर गाडी सुरू करू नका. पोचल्यावर चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत उंची टेपने मोजून लिहून घ्या. थोडी बसलेली असली तर हरकत नाही. एकच कोपरा जमिनीला टेकल्यासारखा असेल, तर त्याच बाजूची गळती शोधा.

आता इंजिन सुरू करा. गाडी हळूहळू उठून समतल व्हायला हवी. पुन्हा मोजा, डावी-उजवी बाजू सारखी हवी. मग उंचीचा नॉब वापरा, गाडी साधारण ५ सेंटिमीटर वर यायला हवी. परत खाली आणा. इंजिन चालूच ठेवून दोन माणसांना मागच्या कोपऱ्यावर बसवा: मागची बाजू दबेल आणि थोड्या वेळात पुन्हा मूळ उंचीवर येईल. उतरल्यावर उलटं होईल. हे झालं तर पंप आणि व्हॉल्व्ह ठीक आहेत.

गोळ्यांची परीक्षा वेगळी. गाडी समतल असताना प्रत्येक कोपरा हाताने जोरात दाबा. मऊ दबून एकदाच वर आला तर गोळा जिवंत आहे. फळीवर हात टेकल्यासारखं लागलं तर गेला. चालवताना छोट्या खड्ड्यावरही खडखडीत धक्का बसतो, ही त्याचीच खूण.

शेवटी खाली वाकून मागच्या स्ट्रटच्या रबरी बूटजवळ बघा. बूट तेलाने ओला असेल तर सील गेलंय. आणि एक इशारा: फक्त सस्पेन्शनच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नका. जॅकस्टँड लावा. दाब सुटला तर गाडी खाली येते, सूचना न देता.

यात कोणतं तेल घालतात?

मर्सिडीजने या सस्पेन्शनसाठी नेमलेलं खनिज हायड्रॉलिक तेलच. ब्रेक ऑइल घातलं तर सगळी रबरं फुगतात आणि मग पाईप सोडून सारं काही बदलावं लागतं. रस्त्यात कुणीतरी 'काहीही चालतं' म्हणून ओतलेलं असू शकतं, म्हणून टाकी उघडून वास आणि रंग पाहाच. कुठलीही पाईप सोडण्याआधी यंत्रणेतला दाब ब्लीड स्क्रूने काढावा लागतो. हे न करता नट सैल करणारा मेकॅनिक बदला.

सरळ साध्या स्प्रिंगा बसवून टाकल्या तर?

काहींनी बसवल्या आहेत. गाडी चालते. पण मग तुमच्याकडे जड इंजिनाची, वाईट चालणारी ४५० उरते, आणि विकताना किंमत पडते ती वेगळीच. अशी गाडी विक्रीला असेल तर मूळ पंप, व्हॉल्व्ह, स्ट्रट जपून ठेवलेत का ते विचारा. नसतील तर तेवढे भाग नव्याने जमवायचा खर्च किमतीतून वजा करा. भारतातल्या व्हिंटेज नोंदणीतही अशा बदलांचा प्रश्न येतो, ते पुढे आहे.

इंजिन ऑइलची पातळी डिपस्टिकवर दिसतच नाही. तेल कमी आहे?

बहुधा नाही. हे ड्राय संप इंजिन आहे. नेहमीच्या गाडीत तेल इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये साठतं. इथे ते बाजूच्या वेगळ्या टाकीत साठतं आणि पंप ते टाकीत परत पाठवत राहतो. उद्देश शर्यतीचा नव्हता. चेंबर उथळ झाल्यामुळे एवढं उंच इंजिन एस-क्लासच्या बोनेटखाली मावलं. तेल सुमारे १२ लिटर लागतं.

इंजिन बंद असताना तेल टाकीतून इंजिनात उतरतं, म्हणून थंड गाडीत डिपस्टिक खोटं बोलते. पातळी तपासायची ती इंजिन पुरतं गरम करून, आयडलिंगवर चालू ठेवून. थंड गाडीत 'कमी' दिसलं म्हणून दोन-तीन लिटर ओतणं ही या गाडीतली सगळ्यात जास्त होणारी चूक. जादा तेल मग ब्रीदरवाटे, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून, इनटेकमध्ये जातं, सायलेन्सरमधून निळा धूर येतो आणि घाबरलेला मालक इंजिन उघडायला निघतो. तेल बदलताना टाकी आणि इंजिन दोन्हीकडून काढावं लागतं. एकीकडूनच काढणारं गॅरेज अर्धं जुनं तेल आतच ठेवतं.

इंजिनात आणखी काय पाहायचं?

ऑइल प्रेशरचा काटा. गाडी गरम असताना आयडलिंगला तो ०.५ बारच्या वर राहायला हवा आणि जरा रेस दिली की ३ वर चिकटून बसायला हवा. गरम झाल्यावर काटा आळसावला तर पुढे खर्च आहे.

रात्रभर उभी गाडी सुरू करताना निळ्या धुराचा एक भपका येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील कडक झालेत. हे काम मोठं नाही. धूर चालूच राहिला, विशेषतः उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावर, तर व्हॉल्व्ह गाइड झिजलेत आणि हेड उतरवावी लागतील. ती ॲल्युमिनियमची आहेत, ब्लॉक बिडाचा. अँटिफ्रीझऐवजी वर्षानुवर्षं नळाचं पाणी घातलेल्या गाडीत हेडमधले पाण्याचे मार्ग कुरतडलेले असतात. रेडिएटरचं झाकण थंड असताना उघडा. गढूळ, गंजकट पाणी दिसलं तर हा धोका गृहीत धरा.

टायमिंग चेन लांब आहे, ती ताणली जाते आणि तिच्या प्लास्टिकच्या गाइड पट्ट्या वयाने ठिसूळ होतात. पट्टी तुटून चेन घसरली तर व्हॉल्व्ह आणि पिस्टनची टक्कर होते. कॅमशाफ्टची खूण जुळवून क्रँक पुलीवर किती अंशांचा फरक येतो ते कोणताही जाणता मेकॅनिक अर्ध्या तासात मोजतो. फरक ८-१० अंशांच्या घरात असेल तर चेन आणि पट्ट्या बदललेल्याच बऱ्या. टॅपेट सेटिंगची चिंता मात्र नको, ६.९ मध्ये हायड्रॉलिक लिफ्टर आहेत.

गाडी थंडीत लगेच सुरू होते, पण गरम झाल्यावर अर्ध्या तासाने स्टार्टच घेत नाही. का?

बॉशचं के-जेट्रॉनिक हे यांत्रिक इंजेक्शन आहे. ते पूर्णपणे पेट्रोलच्या दाबावर चालतं. इंजिन बंद केल्यावरही लाइनमध्ये थोडा दाब टिकून राहायला हवा. पंपाचा चेक व्हॉल्व्ह किंवा हा दाब धरून ठेवणारा फ्युएल ॲक्युम्युलेटर गळका झाला की दाब उतरतो, गरम पाईपमध्ये पेट्रोलची वाफ होते आणि स्टार्टर फिरत बसतो. उलट, थंड असताना त्रास आणि गरम झाल्यावर ठीक, असं असेल तर संशय थंड इंजिनासाठी मिश्रण जुळवणाऱ्या वॉर्म-अप रेग्युलेटरवर घ्या. दोन्ही गोष्टी प्रेशर गेज लावल्याशिवाय कळत नाहीत. गेज नसलेला मेकॅनिक थेट फ्युएल डिस्ट्रिब्यूटर (प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल वाटणारा भाग) बदलायला सांगतो, आणि तो सगळ्यात महाग भाग आहे.

अनेक वर्षं उभी असलेली गाडी विकणारा 'बॅटरी लावली की सुरू होते' म्हणत असेल, तर लावू देऊ नका. ९६ लिटरच्या टाकीच्या तळाचा गंज आणि चिकट झालेलं जुनं पेट्रोल एकदा डिस्ट्रिब्यूटरमध्ये गेलं की आतला प्लंजर अडकतो. आधी टाकी रिकामी करून धुवा, टाकीतली जाळी आणि फिल्टर बदला, आणि मगच किल्ली फिरवा.

भारतातलं ई-२० पेट्रोल चालेल?

तसंच नाही. २० टक्के इथेनॉल जुन्या रबरी होजना आणि सीलना मऊ करतं, पाणी धरून ठेवतं आणि हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ करतं. इंधनाच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घ्या. मग सीओ मीटर (धुरातला कार्बन मोनॉक्साइड मोजणारं यंत्र) लावून फ्युएल डिस्ट्रिब्यूटरजवळचा ३ मिलिमीटर ॲलनचा स्क्रू थोडाथोडा, पाव फेऱ्यापेक्षाही कमी, फिरवून मिश्रण जुळवा. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी गच्च भरून ठेवा, रिकाम्या जागेत दमट हवा साचते. पावसाळ्यात कोकणपट्टीत हे विशेष पाळा. ॲव्हरेजबद्दल विचारणाऱ्यांनी लिटरला ५-६ किमी धरावं, शहरात त्याहून कमी.

गंज कुठे शोधायचा?

गाडी जॅकवर घेऊन जॅक लावायच्या चारही जागा आधी बघा. मग मागच्या चाकांच्या कमानी, पुढच्या मडगार्डचा खालचा कोपरा आणि हेडलाइटच्या मागची बाजू, डिकीतली स्टेपनीची खळी, मागच्या काचेची खालची कड, सनरूफ असेल तर त्याची चौकट. वायपरखालचा कोनाडा बॅटरी टॉर्चने नीट पाहा: पानं साचून पाणी निचरा झालं नाही की तिथला पत्रा आतून सडतो आणि पाणी पायांजवळच्या गालिच्याखाली येतं. गालिचा उचला, हात लावा. ओला किंवा कुबट असेल तर रंगाची चमक विसरा.

पातळ कापड गुंडाळलेला छोटा चुंबक सोबत न्या. जिथे चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी पुटी आहे. एका कोपऱ्यात पुटी म्हणजे जुना धक्का. कमानींमध्ये चारही बाजूंना पुटी म्हणजे विकण्यासाठी केलेली रंगरंगोटी. यांत्रिक दुरुस्ती महाग असली तरी तिला शेवट असतो, सडक्या पत्र्याला नसतो. आमच्या मते गळणारं सस्पेन्शन आणि धड पत्रा ही गाडी, उत्तम सस्पेन्शन आणि सडक्या पत्र्याच्या गाडीपेक्षा केव्हाही बरी.

अमेरिकेतली घ्यावी की युरोपातली?

अमेरिकन गाडीचे बंपर जाड आणि पुढे आलेले, ताकद सुमारे २५० अश्वशक्ती, प्रदूषणाच्या नळ्या जास्त. पण कॅलिफोर्निया, ॲरिझोनासारख्या कोरड्या राज्यांतून आलेली असेल तर पत्रा बहुधा चांगला. तिथे डॅश तडकलेला आणि आसनं उन्हाने सुकलेली मिळतील, ते परवडतं. ऑटोमॅटिक एसीचा सर्व्हो युनिट मात्र तपासा. त्याची प्लास्टिकची बॉडी तडकते आणि त्यातून इंजिनाचं गरम कूलंट वाहत असल्याने गळती होते.

युरोपातल्या गाडीत पूर्ण ताकद आणि मूळ बारीक बंपर. पत्रा दुप्पट काळजीने बघा. १९७८ च्या शेवटापासून एबीएस हा ऑप्शन मिळू लागला, तो असलेली गाडी दिसली तर इतिहास म्हणून मोल आहे, सुटे भाग म्हणून डोकेदुखी.

राहतो त्या देशात नोंदणीचं काय?

जर्मनीत ३० वर्षांवरील गाडीला तज्ज्ञाचा अहवाल घेऊन एच नंबरप्लेट मिळते आणि वर्षाचा कर इंजिनाच्या आकारावर न लागता १९१.७३ युरो असा ठरीव लागतो. सात लिटरच्या गाडीला ही मोठीच सूट आहे. इंग्लंडमध्ये ४० वर्षांवरील मूळ स्थितीतल्या गाडीला रस्ता कर आणि सक्तीची एमओटी तपासणी दोन्ही माफ. तरीही तपासणी स्वखुशीने करून घेतलेला विक्रेता जास्त भरवशाचा.

आणि भारतात आणायची असेल तर?

२०२५ पर्यंत आयातीची वाट १९५० पूर्वीच्या गाड्यांपुरतीच होती. आता ५० वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांना ती मोकळी झाली आहे. म्हणजे १९७५ च्या ६.९ आधी पात्र झाल्या, जून १९७७ ला पहिली नोंदणी झालेली गाडी जून २०२७ मध्ये होईल. पहिल्या नोंदणीची तारीख दाखवणारा मूळ कागद हा या व्यवहारातला सगळ्यात मौल्यवान कागद. कस्टम ड्यूटीचा अंदाज क्लिअरिंग एजंटकडून लेखी घ्या आणि मगच बयाणा द्या, कारण ती गाडीच्या किमतीएवढी किंवा त्याहून जास्त होऊ शकते. परवानगीतल्या पुनर्विक्रीच्या अटीही तेव्हाच वाचून घ्या.

नोंदणी २०२१ च्या व्हिंटेज नियमांखाली होते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए'. अर्जासोबत विमा आणि बिल ऑफ एंट्री (कस्टमकडचा आयातीचा कागद) लागतं. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल केलेली गाडी व्हिंटेज ठरत नाही, त्यामुळे दुसरं इंजिन टाकलेली 'स्वस्त' गाडी इथे येऊन अडकते. नोंदणीनंतरही ती रोजच्या वापराला किंवा भाड्याने चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, देखभाल एवढ्यासाठीच. डावीकडच्या स्टिअरिंगच्या गाडीला मोटार वाहन कायद्याच्या कलम १२० प्रमाणे इशारा देणारं विहित साधन लागतं. शक्य असेल तर चासी नंबरात २२ असलेली इंग्लंडची गाडी शोधा.

जहाजाने पाठवताना काही वेगळी काळजी?

हो, आणि ती शिपिंगवाल्याला तुम्हीच सांगावी लागते. गाडी समतल उभी असताना बॉडीला किंवा आसाला पट्टे आवळले, तर प्रवासात दाब उतरून गाडी बसते, पट्टे सैल पडतात आणि गाडी कंटेनरमध्ये पुढेमागे आपटते. पट्टे फक्त चाकांवरून घ्यायला सांगा. पेट्रोल जवळपास रिकामं, बॅटरी सुटी, आणि सस्पेन्शनचं एक लिटर तेल डिकीत सीलबंद ठेवा, जहाजाच्या नियमात बसत असेल तर. बंदरावर उतरवताना आधी इंजिन सुरू करून गाडी पूर्ण उठू द्या, मगच रॅम्पवर घ्या. बसलेली गाडी तशीच ओढली तर सायलेन्सर रॅम्पच्या कडेला घासून तुटतो.